मागचं पुसून काढलेले फोटो

ये गं नंदे, अशी जवळ सरकून बस. कागदावरून हाक मारतेय म्हणून काय झालं, हाक ती हाकच. आणि तो हातातला फोन आधी उपडा ठेव. मी मुंबईला जाऊन आले, आठवडा राहून आले, तर तू विचारतेस काय, "ताई, काय काय बघितलंस?" जशी काही मी राणीचा बाग बघायला गेले होते! अक्का कशी आहे हे तू दुसऱ्या वाक्याला विचारलंस. पहिल्या वाक्याला विचारायला हवं होतंस. असो. रागावले नाही, पण बोलून ठेवते. आता नीट ऐक. आणि ज्यांना आपली अक्का माहीत नाही त्यांनीही ऐका, त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगते.

आम्ही तिघी बहिणी गिरगावातल्या एका वाडीत वाढलो. थोरली अक्का, मधली मी सुमन आणि ही धाकटी नंदा. हिला अक्काने कडेवर घेऊन वाढवलं, कारण आई सदा आजारी. अक्का लग्न होऊन परळच्या चाळीत गेली, मी चिपळूणला आले आणि नंदा इंदूरला गेली. अक्काचे यजमान गिरणीत होते, ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलगा प्रकाश आणि सून वैशाली यांच्याबरोबर ती त्याच खोलीत राहते.

परळ

रेल्वेने दादरला उतरले आणि टॅक्सी केली. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर चढून दम घेतला. अक्काचं दार उघडंच होतं. अक्का खिडकीपाशी खाटेवर बसलेली. मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं, तोच ती म्हणाली, "सुमे, चपला आत घे. बाहेर राहिल्या तर कुत्रं पळवतं."

मला हायसं वाटलं. प्रकाशने फोनवर घाबरवूनच सोडलं होतं. डॉक्टर म्हणे दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय असं सांगतात. चष्म्याने सुधारणार नाही, ऑपरेशनने नाही. एका डोळ्यात इंजेक्शनंही देऊन झाली. मधलं जाईल, कडा राहतील. मी त्यातलं एवढंच मनात घेतलं, की अक्काला कमी दिसतंय. आणि दारातूनच ओळखलंन म्हटल्यावर वाटलं, चला, तेवढंही कमी दिसत नाहीये.

चहा झाला. वैशालीने तांदळाच्या शेवया आणि नारळाचा रस केला होता. अक्का हळूहळू जेवली. बोटांनी चाचपून वाटी शोधत होती, ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "सुमे, एक काम करशील? मला माझी माणसं एकदा बघून ठेवायची आहेत. जिने आता माझ्याने उतरवत नाहीत. तुझ्या फोनात फोटो फार छान येतात म्हणे. गिरगावात जाऊन फिलोचा काढ, लालबागला शालूचा काढ. घरातल्यांचे काढ. नंदेचा मागव. आणि मोठ्या कागदावर छापून आण बाई, फोनच्या काचेवर मला नुसती चकाकी दिसते."

"बघून ठेवायची म्हणजे?"

"म्हणजे बघून ठेवायची. आहे तोवर."

झालं. मी पदर खोचला. नंदे, तुला ठाऊक आहे, फोटोचं वेड मला साठी उलटल्यावर लागलं. शिकवायला कुणी नव्हतं. नातीने फोन घेऊन दिला आणि ती पुण्याला गेली. मी एकटीच जास्वंदीवर, मांजरावर, परसातल्या केळीवर बोटं फिरवत शिकले. त्यात ते पोर्ट्रेट आहे ना, माणूस स्वच्छ आणि मागचं सगळं लोण्यासारखं पुसट, ते मला फारच आवडलं. पूर्वी लग्नात मोठ्या भिंगाचे कॅमेरे घेऊन फोटोवाले यायचे, त्यांच्या फोटोत तसं यायचं. ते भिंगामुळे खरंखुरं व्हायचं. फोनचं भिंग मसुराच्या डाळीएवढं, त्याला ते कुठून जमणार? मग फोन अंदाज बांधतो. जवळचं कोण, लांबचं काय, माणूस कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली हे आपल्या आपण ठरवतो आणि भिंत पुसून टाकतो. बहुतेक वेळा बरोबर ठरवतो. माझ्या मनात काय आलं सांगते. अक्काला कमी दिसतं. तेव्हा फोटोत नको ती गर्दी कशाला? मागचं सगळं पुसून चेहरा तेवढा लख्ख ठेवला तर तिला सोपं जाईल. लहान पोराला अक्षर गिरवायला आपण मोठं, एकटं काढून देतो ना, तसं.

पहिला फोटो अक्काचाच काढला, गॅलरीत खुर्ची टाकून. तुला ती गॅलरी माहीत आहे. शेजाऱ्यांचे वाळत घातलेले लेंगे, पाण्याचं पिंप, कुणाची तरी सायकल, गॅसची रिकामी टाकी. बोट दाबलं आणि सगळं विरघळलं. अक्का मात्र अशी आली नंदे, की मीच बघत राहिले. कपाळावरची शीर, हनुवटीवरचा तो लहानपणी पडल्याचा व्रण, पांढऱ्या पापण्या. रोज तिच्या आजूबाजूला एवढा पसारा असतो की तिच्या चेहऱ्याकडे शेवटचं निवांत कधी बघितलं होतं, मला आठवेना.

वैशाली डोकावून म्हणाली, "मावशी, ही आपली गॅलरी वाटतच नाही. महाबळेश्वरचं हॉटेल वाटतंय."

त्यावर अक्का म्हणाली, "मग मला कुणाच्या गॅलरीत नेऊन बसवलंस गं?"

आम्ही हसलो. मी तर जास्तच हसले.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी बसने गिरगावात गेले. आपल्या वाडीत शिरले नाही, खोटं कशाला बोलू. तिथे आता पत्रे ठोकलेत आणि आत खड्डा आहे. पुढच्या गल्लीत फिलोमिनाचं घर अजून उभं आहे. लाकडी जिना, पुढे ओटी, निळं दार. फिलो म्हणजे अक्काची शाळेतली बाकावरची जोडीदारीण. तिच्या घरचे पिढ्यान् पिढ्या इथलेच, आपण कोकणातून मागाहून आलेले. लहानपणी ती आपल्याला हसायची, तुम्ही लोक पाव चहात बुडवून त्याचा चिखल करता म्हणून. आठवतंय?

ओटीवर वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर फिलो बसली होती, दुसरीवर मी टेकणार तर म्हणाली, "तू आतला स्टूल घे गो, तो मजबूत आहे." मी घेतला. तिने फुगे तळले होते, ते गोल गोल फुललेले, मऊ. बरोबर कालची मटणाची रस्सी. मी मटण सोडलंय हे ती विसरली आणि मीही आठवण दिली नाही. अक्कासाठी काचेच्या बाटलीत ठासून भरलेला तिचा मसाला तिने आधीच कागदात बांधून ठेवला होता.

फोटो म्हटल्यावर आत गेली, पावडर लावून, लेसवाला झगा घालून आली. मी खुर्ची थोडी पुढे ओढली, फोन धरला. तिच्या मागे निळं दार, आणि घराच्या कौलांवरून डोकावणारा नवा टॉवर, क्रेनसकट. बोट दाबलं. टॉवर गेला. मी तिला दाखवलं तर ती खुर्चीत सरळ होऊन बसली.

"अगो, टॉवर उडवलास? एका बोटात? त्या बिल्डरला दाखव जाऊन. म्हणावं, बघ, तुला बांधायला पाच वर्षं लागली आणि आमच्या सुमनने चहा गार व्हायच्या आत पाडला!"

मग चष्मा सरसावून जवळून बघायला लागली. "आणि माझ्या चष्म्याची दांडी कुठे गेली? काच आहे, दांडी नाही. नाकावर काय मी थुंकी लावून चिकटवलाय तो?"

खरंच दांडी नव्हती. कानाजवळ फोनला कळलं नव्हतं, की ही बारीक काडी माणसाची की मागच्या दाराची. आणि तिचे ते पिंजलेले पांढरे केस! दारावर उन्हात कसे सुंदर दिसत होते. फोनने कडेने कात्रीने कापल्यासारखे केले. डोक्याभोवती स्वच्छ गोल रेघ, देवाच्या कॅलेंडरवर असते तशी.

"देवाने आधीच थोडे ठेवले होते," फिलो म्हणाली, "त्यातले तुझ्या फोनने खाल्ले."

चार-पाच वेळा काढला. तिला जरा डावीकडे वळवलं, दारापासून आणखी पुढे आणलं. माणूस आणि मागचं यात अंतर असेल तर फोनचा गोंधळ कमी होतो, हे मी परसातच शिकलेय. एक फोटो छान आला. त्यात मी पुसटपणाची पट्टी शेवटपर्यंत ओढली. फोटो काढून झाल्यावरही ती पट्टी पुढेमागे करता येते. दार गेलं, खुर्च्या गेल्या, मागे नुसता निळा धूर आणि त्यात फिलोचं तोंड.

निघताना तिने माझा हात धरला. मगाचा सगळा चेष्टेचा सूर गेला होता. "सुमन, तिला मी दिसेन ना? खरं सांग. डोळे नीट आलेत ना माझे? शाळेत आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत बघून खोटं पकडायचो. माझं खोटं तिला एकदाही चुकलं नाही."

मी म्हटलं, "दिसशील. म्हणून तर मागचं सगळं काढून टाकलंय."

लालबाग

लालबागला मसाल्याच्या गल्लीत शिरलं की आधी शिंक येते आणि मग माणसं दिसतात. शालूताई, म्हणजे अक्काची नणंद, तिच्या मुलाचं तिथे मसाल्याचं दुकान आहे. मागे डंकन. लोखंडी मुसळं वरखाली होतात, मसाला कुटला जातो, आणि बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. शालूताई म्हातारी झाली तरी रोज येऊन मिरच्यांच्या ढिगापाशी बसते आणि देठ काढते. घरी बसली तर मरेन म्हणते. तिची सून सरिता गिऱ्हाइकं बघते.

"सुमन! कधी इलंस गे?" शालूताई ओरडली. तिने मालवणी सोडली नाही आणि सोडणारही नाही. "वैनीक दिसता काय? खरा सांग. प्रकाश माका काय एक सांगणा नाय."

मी सांगितलं ते तिने देठ काढत काढत ऐकलं. डंकन चालूच होतं.

फोटो काढायला लागले. तिथल्या उन्हात तिखटाची धूळ तरंगत होती, लाल, मऊ. डोळ्यांना दिसत होती, फोनला काही तिचा अर्थ लागेना. धूळ ना माणूस, ना भिंत. कुठे ठेवली, कुठे पुसली, फोटोला जणू कोड फुटलं. शालूताईने हौसेने एक लांबलचक मिरची पुढे करून धरली, 'वैनीक दाखय' म्हणून. फोनने तोंड जवळचं धरलं आणि हात धुऊन टाकला. मनगटापर्यंत ठीक, पुढे लाल-तपकिरी ढग.

"माजो हात खंय गेलो?" शालूताईने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "मेल्यान माजी बोटां खाल्ल्यान! जन्मभर ह्या हातान देठ काढलंय आणि फोटोत हातच नाय?"

मागून सरिता म्हणाली, "आणि मला बघा. मी मागे उभी होते ना मुद्दाम, तर मावशींनी मलाच धुऊन काढलं. सासूबाई ठेवल्या, सून पुसली."

"बरा केल्यान," शालूताई म्हणाली. "फोनाक अक्कल आसा."

त्या दोघी हसल्या, पण मला ते टोचलं हे कबूल करते. आमच्याकडे चिपळूणला माणसाच्या मागे माड असतो, आभाळ असतं, फार तर कुंपण. पुसलं तर काय जातं? मुंबईत मागे मोकळी जागा कुठे असते? मागे कुणीतरी उभं असतंच. पण म्हटलं, अक्काला शालूचं तोंड हवंय. हात खाली घ्यायला लावला, सरिताला बाजूला व्हायला सांगितलं, आणि मान, तोंड, कुंकू एवढं लख्ख काढलं.

दुपारी तिच्या घरी जेवले. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, भात. मासा मी सोडलेला नाही. शालूताई ताटाशी बसून म्हणाली, "वैनीन माका भाकरी थापूक शिकवलीन. माजी आये शिकवक ऱ्हवली नाय." एवढंच. मग मला आणखी भात वाढला.

दादर

फोटो छापून देणारं दुकान दादरला स्टेशनजवळ आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, थोडं थांबावं लागेल." मी थांबले. समोरच्या हॉटेलात साबुदाणा वडा खाल्ला आणि पियुष प्यायले. म्हटलं, दादरला येऊन पियुष प्यायला नाही तर गाडीने दंड घ्यावा. फूलगल्लीतून अक्कासाठी अबोलीची वेणी घेतली.

तुझा फोटोही मी त्यातच दिला होता, नंदे. तू ग्रुपवर टाकलास तो. हिरवी साडी, केस बांधलेले, तोंड अगदी स्वच्छ आणि मागे सगळं लोणी. मी मनात म्हटलं, बघा, नंदेलाही जमतंय हो.

मुलीने फोटो काचेवर एकेक मांडले. फिलो, शालूताई, गॅलरीत उभे केलेले प्रकाश आणि वैशाली, तू. "आजी, कोणी काढलेत? एकदम स्टुडिओसारखे." मी म्हटलं, "मीच." आणि परळला जाईपर्यंत ते पाकीट मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

पुन्हा परळ

अक्काने हात धुतले, पदराला पुसले आणि खिडकीकडे पाठ करून बसली, म्हणजे उजेड कागदावर पडेल. प्रकाश कामावरून आला होता. वैशालीने भाजी चिरायची थांबवली. मी पहिला फिलोचा फोटो तिच्या हातात दिला.

तिने तो जवळ घेतला. मग तोंड भिंतीकडे वळवलं. मला कळेना. म्हटलं, "अक्का, फोटो इकडे आहे. इकडे बघ ना."

"इकडेच बघतेय गं."

मान वाकडी करून ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. कागद जरा वर, जरा खाली. मग म्हणाली, "दुसरा दे." शालूताईचा दिला. तसंच. तिसरा दिला. तोही बघितला.

"कोण कोण आहेत ते सांग," अक्का म्हणाली.

"तू ओळख ना."

"सांगितलंस तर ओळखेन."

प्रकाश हळूच म्हणाला, "आई, पहिला फिलोमावशीचा."

"हो का." तिने फोटोवरून हात फिरवला. "कागद छान आहे. गुळगुळीत आहे."

प्रकाश उठून गॅलरीत गेला. अक्काला माझं न बोलणं ऐकू आलं असणार, कारण तिने माझा हात शोधला आणि धरून ठेवला. म्हणाली, "सुमे, मी तुझ्याकडे बघते ना, तेव्हा तुझ्या तोंडाच्या जागी राखेचा गोळा असतो. सरळ बघितलं की राख. बाजूला बघितलं की कडेकडेचं दिसतं. खांदा दिसतो. साडीचा रंग दिसतो. भिंत, खिडकी, मागे कोण उभं आहे ते."

"मग त्या दिवशी दारातच ओळखलंस मला."

"तू एक चप्पल काढलीस, दुसरी पायातच ठेवलीस आणि चौकटीला धरून उभी राहिलीस. चाळीत असं कोण उभं राहतं दुसरं? तोंड कुठे बघितलं मी तुझं? दोन वर्षं झाली, मी कुणाचंच तोंड बघितलं नाही. पोटच्या प्रकाशचंही नाही. दारात कोण कसा उभा आहे, त्याच्या मागे उजेड कुठे आहे, यावर माझं चाललंय." मग ती थोडी हसली, आपली अक्का हसते तशी, नाकातून. "या फोटोत तोंड माझ्या डोळ्याने खाल्लं आणि उरलेलं तुझ्या फोनने. मला काय ठेवलंत तुम्ही दोघांनी?"

मी जिन्यात जाऊन बसले. रडले असेन थोडी. मग चष्मा पुसला आणि फोन काढला. फिलोचा फोटो उघडला, ती पुसटपणाची पट्टी सापडवली, आणि जी मी गिरगावात शेवटपर्यंत ओढली होती ती उलटी आणली. हळूहळू. धुरातून दाराची चौकट आली. मग कडी आली. मग निळा रंग पोपडे निघालेला, मग कौलं, मग तो मेला टॉवर क्रेनसकट. चष्म्याची दांडीही परत आली बघ, जागच्या जागी.

ज्यांच्याकडे असे फोन आहेत त्यांच्यासाठी सांगून ठेवते. खऱ्या भिंगाने एकदा पुसट झालं की ते कायमचं पुसट. फोनचं पुसणं हे वरून केलेलं नाटक, खाली खरं चित्र तो बहुतेकदा जपून ठेवतो. इतके दिवस मी याला फोनचं खोटेपण समजत होते. त्या जिन्यात बसून वाटलं, बरं झालं बाई, तू खोटा आहेस ते.

पण शालूताईचा हात काही परत येणार नव्हता, कारण तो मीच खाली घ्यायला लावला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लालबागला गेले. शालूताईला पुन्हा मिरच्यांपाशी बसवलं, हातात मिरची, मागे सरिता, मागे डंकन, तरंगणारी धूळ. साधा फोटो काढला. काही पुसलं नाही. फोटो कसा दिसतोय म्हणशील तर गचाळ. बारदानं, वजनकाटा, एका गिऱ्हाइकाची अर्धी पाठ. तिथून दादरला जाऊन सगळे पुन्हा छापून घेतले, या वेळी आणखी मोठे.

संध्याकाळी अक्काने पुन्हा हात धुतले. पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मी काही सांगितलं नाही.

"निळं दार," ती म्हणाली. "फिलो."

वैशालीने माझा दंड दाबला.

"मागे हे उंच काय आलंय? टॉवर? येऊ दे." कागद सरकवत सरकवत ती एका जागी थांबली. "सुमे, तिच्या बाजूला दुसरी खुर्ची आहे."

"हो, दोन होत्या."

"ती तिच्या नवऱ्याची. तो जाऊन किती वर्षं झाली. अजून रोज बाहेर काढते का ती?"

मी फिलोच्या ओटीवर दोन तास बसले होते, नंदे. मला आतला स्टूल दिलान, तो मजबूत म्हणून दिलान असं मला वाटलं होतं. मी त्या खुर्चीचा फोटो काढला आणि स्वतःच्या बोटाने ती पुसली.

"काढत असेल," मी म्हटलं.

अक्का तो फोटो मांडीवर ठेवून बसली. मग शालूताईचा घेतला. "मिरची दाखवतेय का गं मला? आणि मागे सरिता ना? जाड झाली." प्रकाश आणि वैशालीचा तर तिने गॅलरीतल्या सायकलवरून ओळखला. तिच्या कडेच्या डोळ्यांना जेवढं पोचत होतं तेवढं सगळं ती सावकाश गोळा करत होती. मध्येच म्हणायची, हे काय, ते काय. मी सांगायचे. तोंड कुणाचंच दिसलं नाही तिला. पण माणसं भेटली.

तिचा स्वतःचा गॅलरीतला फोटो मात्र मी आहे तसाच ठेवलाय. मागचं विरघळलेला. तो माझ्यासाठी. माझ्या डोळ्यांचं मधलं अजून शाबूत आहे आणि त्या फोटोत तिचं तोंड जसं आलंय तसं पसाऱ्यात मला कधी दिसलं नसतं. ते पोर्ट्रेट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्यासाठी काढायचा तो बघतो कसा, हे आधी विचारायला हवं होतं.

आता तुझं. शेवटी तुझा फोटो राहिला. तो तुझ्याकडून ग्रुपवरून आलेला, त्याला माझ्या फोनात पट्टीच नाही. पुसलेलं तेवढंच आलं, खालचं खरं चित्र तुझ्याकडे राहिलं. म्हणून तर मी त्या दिवशी तुला घाईने फोन केला होता, की मूळ फोटो आहे का. तू म्हणालीस, "अगं ताई, ग्रुपवर टाकला की मी डिलीट करते. नाहीतर फोन भरतो." आपण सगळ्या तसंच करतो गं. ग्रुपवर गेलं म्हणजे पोचलं. मी तुला कारण सांगितलं नाही, कारण अक्का शेजारीच होती.

तिने तुझा फोटो वळवून वळवून बघितला. उजेडाकडे धरला. हिरवा रंग तिला दिसला. "ही कोण?"

मी म्हटलं, "नंदा."

"नंदा?" तिने पुन्हा कोपऱ्यातून बघितलं. "कुठे उभी आहे ती? तिच्या मागे काय आहे?"

बाग असेल, भिंत असेल, तुमचा तो झोपाळा असेल. मला माहीतच नव्हतं. अक्काने तो फोटो बाकीच्यांच्या खाली, सगळ्यात शेवटी ठेवला आणि गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाली, "राहू दे. हिला मी कडेवर वागवलीय. हिला कागदावर कशाला ओळखायचं?"

तेव्हा नंदे, दुसरा काढून पाठवते म्हणू नकोस. तुझ्या गुडघ्यांचं दुखणं मला माहीत आहे, जिन्याला कठडा आहे आणि प्रकाश हात देईल. डॉक्टर म्हणतात तो राखेचा गोळा आता सावकाश वाढेल, पण थांबणार नाही. इंदूरहून गाडीत बस, मी चिपळूणहून येते, दादरला तुला घ्यायला उभी राहते. परळला दुसऱ्या मजल्यावर पोचलीस की दारात उभी राहा. हाक मारू नकोस. मीही काही बोलणार नाही. तिला ओळखू दे.

लवकर ये गं.